एफ-वन

आमच्या बाबांची पक्की समजूत होती की एफ-वन दाबल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू होत नाही. सकाळी बटण दाबायचं, पंखा घरघरायला लागला की उठायचं आणि तुळशीला पाणी घालून यायचं. तोवर काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी येऊन थांबलेल्या असत. एफ-वन दाबायचा. परत उठायचं. आता आईने पेज वाढलेली असे. पेज आणि मिस्कूट संपवून, हात धुऊन, चष्मा पुसून ते खुर्चीत बसत तेव्हा कुठे पडद्यावर चिन्हं उमटायला लागलेली असत. यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. स्कूटरला किक मारावी लागते, तसं हे.

२०२५ च्या गणेशचवथीला मी गोव्यातल्या पर्वरीहून गावी, घरी गेले आणि त्यांच्या मागे उभी राहून त्या ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या. मदरबोर्डवरचा सेल संपलाय, तारीख आणि वेळ हरवलीय, तरीही पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा, असं तो बिचारा सांगत होता. सीआर २०३२ नावाचा तो ३ व्होल्टचा सेल असतो, चपटा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. नावातच माप आहे. भिंतीवरची वीज बंद असताना कॉम्प्युटरचं घड्याळ तो जागं ठेवतो. कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, पन्नास रुपयांच्या आत.

"हे कधीपासून येतंय बाबा?"

"दोन पावसाळे झाले असतील."

दोन पावसाळे. आणि मी दर पंधरवड्याला बाणस्तारीचा पूल ओलांडून घरी येत होते, जेवत होते, आंबाडे-नारळ पिशवीत भरून परत जात होते. घड्याळ रोज मागे पडल्यामुळे बँकेची साइट सकाळी उघडत नसे. कॉम्प्युटरची तारीख चुकीची असली की सुरक्षित साइट दारातूनच परत पाठवतात. बाबांना वाटे, बँकेचंच काहीतरी बिनसलंय. इंटरनेट जोडून थोडा वेळ गेला की घड्याळ आपोआप सुधारे आणि दुपारी साइट उघडे. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला होता की बँकेचं काम दुपारी करावं.

पण त्या चवथीला त्यांना वेगळीच काळजी होती. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाल्यावर, हात झटकत, ते हळूच म्हणाले, "१४ ऑक्टोबरला हा बंद पडणार म्हणे."

पडदाभर एक सूचना येऊन गेली होती, त्यातलं त्यांना एवढं कळलं होतं. मी समजावलं की बंद कोणी पडत नाही. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये, आता १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला सुरक्षेची नवी ठिगळं मिळणार नाहीत, इतकंच. विंडोज ११ घालता येईल का? नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो निदान आठव्या पिढीचा. आपला चौथ्या पिढीचा आय-थ्री आहे. बाबा जन्मभर मराठी शाळेत शिक्षक. चौथीतल्या पोराला आठवीत बसवत नाहीत हे त्यांना लगेच पटलं. "मग नवीन घ्यावा लागेल," ते म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला आवडला नाही.

घरात मतं होतीच. बंगळूरहून भावाने फोनवर निकाल दिला: लॅपटॉप घेऊन दे, पैसे पाठवतो. आईला टेबल रिकामं हवं होतं. फोंड्याच्या दुकानातल्या पोराने कॅबिनेटकडे नुसतं वरून पाहिलं आणि म्हणाला, "बाय, कित्याक पयशे मोडटात हाचेर? नवो घेयात." पस्तीस हजारांचा अंदाज कागदावर लिहून दिला. त्याच्यावर माझा राग नाही. जुनं मशीन दोन तास उघडून बसावं आणि शेवटी तीनशे रुपये मागताना गिऱ्हाइकाचं तोंड बघावं, यापेक्षा नवं विकणं त्याला परवडतं. ते त्याचं गणित होतं. मला आमचं मांडायचं होतं.

चवथीच्या तिसऱ्या दिवशी, गणपती पोचवून आल्यावर, आम्ही दोघांनी कॅबिनेट सोप्यावर आणून उघडलं. मागचे चार स्क्रू, त्यांतले दोन गंजून लाल. आत धूळ म्हणजे शहरातली राखाडी धूळ नव्हे. चिऱ्याची तांबूस पूड, उदबत्तीचा चिकट धूर आणि चार महिन्यांची दमट हवा यांचा मिळून एक लेप झालेला. पंख्याच्या पात्यांवर तो मखमलीसारखा बसला होता. हार्ड डिस्कच्या बाजूला पालीची दोन अंडी, फुटून रिकामी झालेली. म्हणजे कोणाचा तरी जन्मही इथे झाला होता, उबदार जागा बघून.

मी ब्रश शोधत होते, तोवर बाबांनी खिशातून पांढरा खोडरबर काढला. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून अलगद उपसली, तिच्या सोनेरी दातांवरून रबर एकाच दिशेने चार वेळा फिरवला, फुंकर न मारता स्वच्छ फडक्याने पुसली आणि परत बसवली. खट्‌ असा आवाज आल्यावरच हात काढला. मी बघतच राहिले.

"पावसाळ्यात बीप-बीप करतो तो. दमट हवेने दातांवर मळ धरतो. मग असं करायचं," ते म्हणाले. फुंकर का नाही? "तोंडातली वाफ लागते गो."

मग एकेक बाहेर यायला लागलं. जून ते सप्टेंबर काम नसलं तरी रोज अर्धा तास कॉम्प्युटर लावून ठेवायचा, आतल्या उष्णतेने ओल धरत नाही. मे महिन्यात वळवाचा पहिला गडगडाट ऐकला की पीन काढायचीच, पण फोनची वायरही काढायची, कारण मागे एकदा वीज त्या वायरीतून आली आणि मोडेम जळाला. पुढच्या दोन यूएसबी खाचांपैकी डावी मेलेली आहे. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांवर टिकत नाही. दिवे गेल्यावर पाच मिनिटांच्या आत शिटी वाजली तर ती बदलायला झाली. एफ-वन काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण हे सगळं ठाऊक होतं. अकरा वर्षांत एका मशीनची म्हणून जी विद्या जमते, ती त्यांच्याकडे पुरी होती. नवं मशीन आलं की ती शून्य. चुलीवर तीस वर्षं भाकऱ्या भाजलेल्या बाईला नव्या स्वयंपाकघरात "बटण कुठे आहे" विचारावं लागतं, तसं. त्यांच्या त्या आवाजात काय होतं ते मला तिथे, पालीच्या अंड्यांपाशी कळलं.

आता मशीन खरंच म्हातारं झालं होतं का? मला वाटतं, "कॉम्प्युटर स्लो झाला" हे वाक्य "अंगात कणकण आहे" इतकंच मोघम आहे. आमच्या मशीनचं दुखत होतं एकाच ठिकाणी. आतली हार्ड डिस्क फिरती, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची. एक फेरी म्हणजे ८ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. ऐकायला झटपट वाटतं. पण सुई हवी त्या वर्तुळावर न्यायची, मग हवा तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत थांबायचं, असं करत सेकंदाला विखुरलेले शंभरेक तुकडे उचलले तरी खूप. आणि विंडोज सुरू होताना मागतं हजारो. महाप्रसादाची पंगत बसलीय, दोनशे पानं मांडलीत आणि वाढपी एकच. प्रत्येक पानासाठी तो रांधपाच्या खोलीत जातो, एकदा मीठ आणतो, एकदा लिंबाची फोड. आचारी कितीही उत्तम असो, पंगत उठायला संध्याकाळ होणार. एसएसडी नावाच्या नव्या जातीच्या डिस्कमध्ये फिरतं काही नसतंच, जिथलं तिथून उचलता येतं. जुन्या साटा जोडणीवरसुद्धा ती सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे जाते. आमचा प्रोसेसर, म्हणजे आचारी, बहुतेक वेळ हातावर हात ठेवून बसलेला होता.

डिस्कची तब्येत सांगणारं एक छोटं सॉफ्टवेअर चालवलं तर पिवळा रंग आला. चौदा हजारांवर तास चाललेली, आणि काही खराब जागा सोडून देऊन त्यांची सोय दुसरीकडे लावलेली. पिवळा म्हणजे आज नाही, पण कधीही. तेव्हा ठेवायचा की बदलायचा हा वाद नंतर; आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. हा क्रम लोक उलटा करतात. नवं मशीन कोणतं यावर महिनाभर चर्चा करतात आणि त्या महिन्यात जुनी डिस्क राम म्हणते.

उतरवून घ्यायचं म्हणताना बाबा गप्प झाले, कारण आमच्या घरात एकदा हे फसलं होतं.

२००३ साली मी अकरावीत होते. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळत, तसा आमच्याकडे पहिला आला. नावाला माझा. वर्षभरात तो बाबांचा झाला. आमच्या गावात देवाच्या उत्सवाला रात्री मराठी नाटक होतंच. उत्सवी रंगभूमी म्हणतात ती हीच, आणि बाबा तिच्यासाठी लिहितात. पौराणिक, ऐतिहासिक, पदांसकट. आधी कार्बन लावून हाताने प्रती काढत, मग टाइप करायला लागले. २०१४ च्या चवथीला तो कॉम्प्युटर देऊन हा घेतला, तेव्हा जुन्या फाइली मी सीडीवर उतरवल्या होत्या. दोन पावसाळ्यांनंतर एका सीडीवर पांढरे ठिपके दिसले. बुरशी. त्या सीडीवरच्या एका नाटकाचा दुसरा अंक अर्ध्यावर संपतो. बाबांनी तो पुन्हा लिहिला नाही. विचारलं तर म्हणतात, "पहिल्यांदा लिहिला तो चांगला होता."

यावेळी पेन ड्राइव्ह, माझा लॅपटॉप आणि इंटरनेटवरची जागा, अशा तीन ठिकाणी सगळं उतरवलं. बेचाळीस फाइली. मग एक माझ्या फोनवर उघडून पाहिली. पहिल्या प्रवेशात महाराज दरबारात येतात. फोनवर एक कंस आला, मागोमाग डॉलरचं चिन्ह, दोन रोमन अक्षरं, उलटं प्रश्नचिन्ह.

त्या काळातले मराठी फॉन्ट म्हणजे सोंगं होती. आत साठवलेलं अक्षर रोमनच, वर देवनागरीचा मुखवटा. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथे महाराज. नसेल तिथे रंग उतरलेला नट विंगेत विडी ओढतोय. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांची एकच सामाईक यादी; तीत देवनागरीला स्वतःची १२८ घरं आहेत, तिथला "म" जगात कुठेही "म"च. आमच्या बेचाळीस फाइली त्याआधीच्या सवयीतल्या. नवं मशीन घेतलं असतं, फाइली ओतल्या असत्या, फॉन्ट न्यायचा राहिला असता, आणि जुनं भंगारात गेल्यावर कधीतरी उत्सवाच्या आदल्या आठवड्यात हे कळलं असतं. पस्तीस हजारांच्या त्या कागदावर ही ओळ नव्हती. फॉन्टची फाइल आधी तिन्ही ठिकाणी टाकली. एवढीशी, काही केबींची. नाटकांच्या वजनाच्या मानाने काहीच नाही.

एक कबुली. माझा जीव लिनक्सवर होता. जुना कॉम्प्युटर, फुकट आणि ताजी प्रणाली, भंगार टळलं, १४ ऑक्टोबरची कटकट नाही. मला हे फार नैतिक आणि हुशारीचं वाटत होतं. पेन ड्राइव्हवरून मिंट नावाचं लिनक्स लावून दिलं, काही न पुसता. बाबा दोन दिवस बसले. तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारलं, "माझा तो निळा डब्ल्यू कुठे गेला?" त्याच्या जागी दुसरं चिन्ह होतं, काम तेच करणारं. मी दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं, शाळेतल्या मुलासारखं, बाण काढून. त्या बाणाने माझा निर्णय झाला. डबा तोच ठेवून आतलं सगळं बदललं तर माझ्या हिशेबी ती डागडुजी, त्यांच्या हिशेबी नवं मशीन. उलट डिस्क बदलली, रॅम वाढवली आणि पडदा तसाच ठेवला, तर आतून अर्धा कॉम्प्युटर नवा असूनही त्यांच्या लेखी जुनाच.

तेव्हा शेवटी काय केलं? विंडोज १० तसंच ठेवलं. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत मिळत होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची ठिगळं. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंगांचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नव्हते. बँकेचं काम माझ्या लॅपटॉपवर हलवलं. यावर बाबा थोडे रुसले, दुपारचा तेवढाच वेळ जायचा.

फोंड्यातूनच ५०० जीबीची एसएसडी आणली, आणि दुसऱ्या मशीनमधून काढलेली ४ जीबीची डीडीआर-थ्री रॅम. नवी आता शोधावी लागते. पोराने हसून दिली. मी एसएमपीएसही मागितला, तेव्हा मात्र त्याने मान वर केली. जुन्या कॉम्प्युटरमध्ये लोक वेग वाढवणाऱ्या वस्तूंवर पैसे घालतात आणि वीज पुरवणारा पत्र्याचा डबा तसाच ठेवतात, कारण तो बदलून दिसत काहीच नाही. आमच्या डब्याच्या जाळीतून आत बॅटरी मारून पाहिलं होतं. दोन कपॅसिटरांची डोकी फुगली होती. असा डबा जाताना कधीकधी मदरबोर्ड घेऊन जातो. आमच्याकडे पावसाआधी कौलं चाळतात तेव्हा फुटकं कौल कोणीही बदलतो, पण जाणता माणूस आधी वासे ठोकून बघतो.

नव्याने सगळं न घालता जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवायची ठरवली. शुद्ध मतवाल्यांना हे पटणार नाही. अकरा वर्षांचा कचराही सोबत आला. येऊ दे. दुपारी दोनला लावलं. एकाहत्तर टक्क्यांवर काटा थांबला. दहा मिनिटं. वीस. जुन्या डिस्कमधून बारीक टक्‌-टक्‌ येत होती, बाबा कान देऊन ऐकत होते. आई दिवेलागणीला आली, तुळशीपाशी दिवा लावून गेली आणि जाताना म्हणाली, "अहो, त्याच्याकडे बघून का तो जोर लावणार आहे?" पंचवीस मिनिटांनी बहात्तर झाले.

रात्री नवी डिस्क जोडली, मशीन सुरू केलं. उत्सवाच्या मांडवाचा तोच फोटो, त्यावर चिन्हं जिथल्या तिथे, निळा डब्ल्यू डाव्या कोपऱ्यात. बाबांनी आधी ते पाहिलं. वेग नंतर.

फाइलींचं काम अजून चालू आहे. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये उलटवून देणारी साधनं मिळतात, पण ती अडखळतात. टंकलेखन यंत्रावर "शिवाजी"तली वेलांटी आधी मारायची आणि मग श; जुन्या फॉन्टातही ती तशीच आधी बसलीय. युनिकोडात श पहिला. साधन बहुतेक वेळा अदलाबदल बरोबर करतं, रफारावर मात्र घसरतं. "धर्म"चा "धमर्" होतो, "सूर्य"चा "सूयर्". बाबा छापील प्रत काढून लाल पेनाने खुणा करतात, मग पडद्यावर दुरुस्त करतात. रोज चार पानं. नऊ फाइली झाल्या. मी म्हटलं, मी करते, लवकर होईल. त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "तुला रफार कळतो, पण पद कुठे तुटतं ते कळणार नाही." अर्ध्यावर संपणाऱ्या त्या नाटकाची फाइल त्यांनी यादीत सगळ्यांत शेवटी लिहून ठेवलीय.

सेल मी बदलला होता त्याच चवथीत, सफाई करतानाच. पण लगेच लिनक्सचा खेळ आणि नकलेचं काम निघाल्यामुळे बाबांची नेहमीची सकाळ काही झाली नव्हती. ती झाली सगळं संपल्यावरच्या रविवारी. त्यांनी बटण दाबलं. पंखा आता घरघरत नव्हता, त्यामुळे क्षणभर थांबले, मग सवयीने उठले. तुळशीला पाणी घालून आले तर पासवर्डचा पडदा, नव्या खात्याबरोबर आलेला, तयार. खुर्चीच्या मागे उभे राहून ते बराच वेळ बघत राहिले.

"गो," त्यांनी हाक मारली, "मी एफ-वन दाबलाच नाही."

मी पेज ठेवून आले. काय सांगावं ते सुचेना.

"मग दाबा," मी म्हटलं.

त्यांनी दाबला. काहीच झालं नाही. मग खुर्ची ओढून बसले आणि एका बोटाने, सावकाश, पासवर्ड घालायला लागले.